खाडीकाठचे किल्ले, तीन दिवसांचा पाऊस आणि गाडीत दोन आत्या

माझा भाचा पुण्याला असतो, नववीत आहे, आणि किल्ल्यांचं त्याला वेड आहे. रायगड, राजगड, सिंहगड सगळं करून झालंय. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस आमच्याकडे ऐरोलीला आला आणि पहिल्याच रात्री जेवताना म्हणाला, "आत्या, तुमच्याकडे किल्ले नाहीत ना गं? सगळ्या बिल्डिंगाच आहेत." मला ते लागलंच थोडं. मी ठाण्यात वाढलेली, नौपाड्यात, त्याला म्हटलं अरे आज दुपारी ऐरोलीच्या पुलावरून जी खाडी बघितलीस ना, तिच्याच पाण्याला धरून पाच-सहा किल्ले आहेत, फक्त ते डोंगरावर नाहीत म्हणून कोणी त्यांना किल्ले म्हणत नाही. सोमवारची रजा टाकली आणि ठरवलं की शनिवार, रविवार, सोमवार पाऊस असो नसो, गाडी काढायची.

माझी आत्या पण आली सोबत. तिचं सासर वसईचं, वय बहात्तर, आता डोंबिवलीला मुलाकडे असते, पण वसई म्हटलं की तिला घरात बसवत नाही. म्हणजे गाडीत दोन आत्या, मी त्याची आत्या आणि ती माझी. तो तिला आत्याआजी म्हणतो.

निघायच्या आधी एक गोष्ट सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. उल्हास नदी कल्याणवरून खाली येते आणि ठाण्याजवळ तिचे दोन रस्ते होतात, एक पाणी घोडबंदरवरून वसईला समुद्रात जातं आणि दुसरं ठाण्याच्या खाडीतून खाली मुंबईच्या बंदराकडे. या दोन पाण्यांच्या मधे जे बेट राहतं ते साष्टी. आता भराव आणि पूल झाल्यामुळे आपल्याला बेट वाटतच नाही, पण पूर्वी ज्याच्याकडे हे पाणी त्याच्याकडे साष्टी, असा सरळ हिशोब होता. आमची ट्रिप म्हणजे या पाण्याच्या कडेने गाडी चालवत जाणं, बस.

दिवस पहिला, शनिवार: ऐरोली, बेलापूर, ठाणे

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा पाऊस इतका होता की सोसायटीच्या गेटपर्यंत पण नीट दिसत नव्हतं. वाशीवरून पाम बीच घेतला, डाव्या हाताला बिल्डिंगा आणि उजवीकडे खाडीची झुडपं, सगळं एकाच राखाडी रंगात. रस्ता जिथे संपतो त्या चौकाचं नावच किल्ला जंक्शन आहे. मी नवी मुंबईत सोळा वर्षं राहते आणि एनएमएमटी बसच्या पाटीवर हे नाव शेकडो वेळा वाचलंय पण कुठला किल्ला हे माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना सांगता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

किल्ले गावठाणाकडे वळलं की एक बुरूज दिसतो. बेलापूर किल्ल्याचं जे काही उरलंय त्यात सगळ्यात ठळक हाच. वडा-पिंपळाच्या मुळांनी दगड धरून ठेवलेत, पावसात सगळा हिरवागार झालेला, आणि पाणी दगडांच्या फटीतून झिरपत होतं त्यामुळे बुरूजालाच घाम फुटल्यासारखं वाटत होतं. सिद्दी, मग पोर्तुगीज, मग मराठे, आणि शेवटी इंग्रज, एवढे मालक झाले याचे. पोर्तुगीज लोक या जागेला शाबाज म्हणायचे आणि शहाबाज गाव अजून इथे शेजारीच आहे, म्हणजे राज्य गेलं, तटबंदी गेली, नाव मात्र रिक्षावाल्याच्या तोंडात राहिलं. बेलापूर नावाची गोष्ट अशी सांगतात की पहिल्या बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा, त्यांनी नवस बोलला होता, किल्ला हाती आला तर जवळच्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांचा हार घालीन, त्यावरून बेलापूर. खरंखोटं असेल ते असो, आत्याने लगेच हात जोडले.

भाचा म्हणाला, एवढासा किल्ला? मी त्याला म्हटलं किल्ल्याकडे नको बघू, इथून काय दिसतं ते बघ. गोवर्धनी मातेच्या देवळाच्या बाजूला थोडं चढून गेलो, बिल्डिंगांच्या मधून पनवेलच्या खाडीचा एक तुकडा दिसला. पनवेलकडे जाणारी प्रत्येक होडी या टेकडीच्या नजरेखालून जायची. घाटावरून आलेला माल पनवेलला उतरणार आणि तिथून होडीत चढणार, मग बेलापुरात बसलेल्या माणसाला भिंती उंच कशाला लागतात, त्याला फक्त तोफ आणि नजर पाहिजे. हे ऐकल्यावर तो गप्प झाला आणि मग मोबाईलवर नकाशा उघडून बोटाने खाडी ठाण्यापर्यंत वर नेऊ लागला. ट्रिप इथे सुरू झाली असं मी म्हणेन.

तिथून ठाणे-बेलापूर रोडने ठाणे. तुर्भ्याला पाणी साचलं होतं, अर्धा तास गेला. ठाण्यात आधी मामलेदारची मिसळ, कारण भर पावसात दुसरं काही सुचतच नाही, आत्याने तर्री न घेता खाल्ली आणि तरी डोळ्यातून पाणी.

मग कोर्ट नाका. ठाण्याचा किल्ला म्हणजेच ठाण्याचं सेंट्रल जेल, हे आमच्याकडे जुन्या लोकांना माहीत असतं, नवीन लोकांना अजिबात नसतं. आत अर्थातच जाता येत नाही, फोटो पण काढायचे नाहीत, म्हणून आम्ही रस्त्याच्या पलीकडे छत्र्या धरून उभे राहिलो. माझे बाबा लहानपणी एसटीतून जाताना दर वेळी भिंत दाखवायचे आणि म्हणायचे, ही भिंत नीट बघ, हिच्यामागे खूप माणसं राहिलीत. तेव्हा मला वाटायचं चोर.

पोर्तुगीजांनी हा किल्ला १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आतच, १७३७ मधे, उन्हाळ्याच्या तोंडावर मराठ्यांनी घेतला. वसईच्या मोहिमेची सुरुवात इथून झाली. नंतर डिसेंबर १७७४ मधे इंग्रजांनी जिंकला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरेंना इथे १८४८ साली फाशी दिली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, या तिघांना १९ एप्रिल १९१० ला इथेच. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. भाच्याने विचारलं, "अठरा म्हणजे बारावी झाल्यावर?" मी हो म्हटलं, पुढे काही बोलले नाही. आत्या पण नाही बोलली. पाऊस छत्रीवर वाजत होता तेवढाच आवाज.

मग मी त्याला त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली कारण ती पावसाळ्यातली आहे आणि मला फार आवडते. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना ठाण्यात कोंडलं, पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले की कोणी फितूर होऊ नये. पण तिथल्याच एका साहेबाचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, मराठी होता, तो घोडा फिरवायच्या निमित्ताने खिडकीखालून जाताना गाणं म्हणायचा आणि गाण्यात सगळा बेत सांगायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं, त्यांच्या कानावर नुसतं गाणं. आणि सप्टेंबर १८१६ मधे एका रात्री त्रिंबकजी निसटले. ज्या भाषेत मी हे लिहितेय त्या भाषेने एक माणूस या भिंतीबाहेर काढला, हे मला दर वेळी त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर आठवतं. भाचा म्हणाला, "म्हणजे गाणं हाच पासवर्ड." त्याच्या भाषेत बरोबर आहे.

जाताना कोपिनेश्वर. मासुंदा तळं काठोकाठ. देऊळ मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मधे नव्याने बांधलं, म्हणजे किल्ला घेऊन तेवीस वर्षांनी. आत्या गाभाऱ्यात बराच वेळ बसली, आम्ही बाहेर तळ्यावर पडणारा पाऊस बघत उभे. घरी यायला आठ वाजले.

दिवस दुसरा, रविवार: घोडबंदर आणि वसई

आजचा दिवस मोठा, लिहिणार पण जास्तच.

सहाला निघालो तरी घोडबंदर रोडला गर्दी होतीच. कासारवडवली गेलं की एकदम जंगल सुरू होतं, उजवीकडे खाडी येते आणि डावीकडे नॅशनल पार्कचे डोंगर, त्यांच्यावर जागोजागी धबधब्याच्या पांढऱ्या रेघा. गायमुखच्या घाटात खड्डे इतके की पहिल्या गियरवर चालवली गाडी, आणि तिथेच डाव्या वायपरचं रबर फाटलं. माझ्या बाजूचा चालत होता म्हणून ठीक, पण शेजारच्या सीटवरच्या आत्याला पुढचं काही दिसेना, ती म्हणाली मला रस्ता पाठ आहे, तू चल.

घोडबंदरचा किल्ला गावातच एका उंचवट्यावर आहे. नाव घोड्यांवरून, अरबांशी घोड्यांचा व्यापार चालायचा आणि घोडे या बंदरात उतरायचे. पोर्तुगीजांनी बांधला. शिवाजी महाराजांच्या काळात मराठ्यांनी हल्ला केला होता पण तेव्हा हाती आला नाही, तो मिळाला १७३७ च्या मोहिमेत. अलीकडे डागडुजी झालीये, बऱ्यापैकी स्वच्छ आहे, चढ पण सोपा. वर उभं राहिलं की समोर वसईची खाडी आणि वरसावेचा पूल, पुलावरून अहमदाबाद हायवेचे ट्रक मुंगीसारखे. भरपूर वारा होता, छत्री उलटी झाली दोनदा. फार वेळ नाही थांबलो, आत्याला वसईची घाई झाली होती.

पूल ओलांडून हायवेने वसई फाटा, तिथे एका गॅरेजवाल्या दादांनी वायपरचं रबर पाच मिनिटात बदलून दिलं, पैसे पण वाजवी घेतले. मग गावात. रमेदीचं चर्च लागलं तेव्हा आत्याने सांगितलं की रमेदी हे गावाचं मूळ नाव नाहीच, चर्चमधल्या मेरीमातेचं पोर्तुगीज नाव रेमेदियुस, आजारातून बरं करणारी, त्याचं लोकांनी रमेदी केलं. "माझ्या सासूबाई हिंदू, पण मुलं आजारी पडली की इथे मेणबत्ती लावायच्या," म्हणाली. पारनाक्याला तिच्या जाऊबाईंकडे थांबलो. त्यांनी चहासोबत सुकेळी दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वसईकडची केळी सोलून उन्हात सुकवतात, ती आक्रसून गडद तपकिरी होतात, आणि सुक्या पानात घट्ट बांधून ठेवतात. चावलं की आधी चिवट, मग आतून मधासारखी. भाच्याने चार खाल्ली. उन्हाळ्यात केलेली सुकेळी भर पावसात खायची, यात एक वेगळीच मजा आहे, साठवलेलं ऊनच जणू.

आता किल्ला.

वसईचा किल्ला बघायला लोक येतात ते बहुतेक फोटोसाठी, प्री-वेडिंग वगैरे, आणि मग वाटतं की नुसती पडकी चर्चं आहेत. पण हा एक अख्खा गाव होता तटबंदीच्या आत. डिसेंबर १५३४ मधे गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे दोनशे वर्षं इथून ते सगळा उत्तर भाग चालवायचे. त्यांचं बासैं, मराठ्यांनी जिंकल्यावर बाजीपूर, इंग्रजांचं बसीन, आणि आपली वसई. भुई दरवाजा जमिनीकडून आणि दर्या दरवाजा पाण्याकडून. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, उत्तरेकडून तेवढी रेतीची जमीन.

आम्ही गेलो तेव्हा माणूस नव्हता आत. ताडाची झाडं वाऱ्याने वाकलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छातीएवढं गवत आणि त्यातून मधेच एक कमान, मधेच एक जिना जो कुठेच जात नाही. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा लांबूनच दिसतो. आत गोल जिना आहे, पण पायऱ्यांवर शेवाळ होतं त्यामुळे मी कोणाला चढू दिलं नाही, भाचा रुसला थोडा वेळ.

रुसवा गेला तो फ्रान्सिस्कन लोकांच्या चर्चमधे. छप्पर केव्हाच गेलंय, पाऊस सरळ जमिनीवर पडतो, आणि जमीन म्हणजे काय तर थडग्यांच्या शिळा, एकाला एक लावून बसवलेल्या, तुम्ही चालता ते त्यांच्यावरून. एरवी उन्हात मी आले होते तेव्हा अक्षरं दिसली पण नव्हती, सगळं धुळकट. या वेळी मात्र पाणी कोरीव अक्षरांमधे साठलं होतं आणि बाकी दगड काळा झाला होता, त्यामुळे आकाशाचा उजेड फक्त अक्षरांमधे पडत होता. आख्ख्या ओळी चकचकत होत्या. भाचा उकिडवा बसला, बोटाने एकेक अक्षर गिरवत. "आत्या, हा शब्द परत परत येतोय बघ." सेपुल्तुरा. मोबाईलवर शोधलं, म्हणजे थडगं, कबर. यू पाहिजे तिथे व्ही कोरलाय कारण तेव्हा तसंच कोरायचे. एका शिळेवर ढाल आणि घराण्याचं चिन्ह, कडेने वेलबुट्टी. दुसरीवर अर्धी ओळ झिजून गेलेली, नाव गेलंय आणि सेपुल्तुरा तेवढं राहिलंय. त्याने खिशातला रुमाल काढून तिथलं साचलेलं पाणी टिपायला घेतलं, तर अक्षरंच दिसेनाशी झाली. परत पाऊस पडला, परत भरली, परत दिसली. दहा-बारा मिनिटं आम्ही तिघं तिथे नुसते वाचत होतो, काही कळत नव्हतं आणि तरी हलवत नव्हतं. आत्याने पायातल्या चपला काढल्या होत्या. मी विचारलं का गं, तर म्हणाली, "माणसं झोपलीत ना खाली."

याच वसईचे गोन्सालो गार्सिया, जन्म सोळाव्या शतकातला, धर्मप्रसार करत जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर चढवलं. त्यांच्या नावाचं चर्च किल्ल्यात अजून वापरात आहे. वसईचे ख्रिस्ती लोक त्यांना आपला गावकरी म्हणूनच सांगतात.

मग चिमाजी आप्पांचा पुतळा. इथे मी भाच्याला जे सांगितलं ते मला स्वतःलाच तिथे पहिल्यांदा नीट समजलं. मोहीम सुरू झाली १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आणि वसई पडली मे १७३९ मधे. म्हणजे मधे दोन पावसाळे गेले. साष्टी हातात आली, ठाणं आलं, पण वसई काही येईना. शेवटच्या वेढ्यात मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे मोठे सरदार आले. उत्तरेच्या रेतीतून मोर्चे पुढे सरकवत नेले, तटाखाली सुरुंग खणले, सेंट सेबास्टियन बुरूज उडवला. काही सुरुंग आपल्याच माणसांवर उडाले. चिमाजी आप्पा म्हणाले की किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तोफेत घालून किल्ल्यात उडवा, असं लोक पिढ्यानपिढ्या सांगतात.

आणि मी त्या उत्तरेच्या तटावर उभी होते, समोर सगळीकडे पाणीच पाणी, चिखल, बूट घोट्यापर्यंत आत. जुलै होता. मला एकदम वाटलं की अरे, मे महिना! अजून तीन-चार आठवड्यात पाऊस येणार होता. खंदकात पाणी भरणार, सुरुंगात पाणी भरणार, दारू भिजणार, खाडी ओलांडून रसद येणार नाही, म्हणजे वेढा उठवून तिसरा पावसाळा घरी काढायचा आणि दसऱ्याला परत पहिल्यापासून. ती जी शेवटच्या दिवसांतली धडक होती, माणसं मरत असताना परत परत तटावर जाणं, ती पोर्तुगीजांशी जेवढी होती तेवढीच येणाऱ्या ढगांशी होती असं मला वाटतं. उन्हाळ्यात येऊन हे मला कधीच कळलं नसतं. शरण आल्यावर पोर्तुगीजांना सामानसुमान घेऊन, मानाने, बायकामुलांसकट जाऊ दिलं, हे पण भाच्याला मुद्दाम सांगितलं.

चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळात लावल्या. वाईजवळ मेणवलीला घाटावर जी मोठी घंटा आहे ती वसईचीच, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आणि १७०७ साल. भाचा म्हणाला ती मी बघितलीये, आईने सेल्फी काढला होता! मग तो परत त्या पडक्या मनोऱ्याकडे वळला आणि वर जिथे घंटा असायची तिथे बघत राहिला.

शेवटी दर्या दरवाजातून बंदरावर. मासेमारी बंद होती, एक जून ते एकतीस जुलै बंदी असते, त्यामुळे होड्या वर ओढून ताडपत्रीखाली. एक काका आणि त्यांचा मुलगा होडीला खालून रंग लावत होते, पावसात कसा वाळणार विचारलं तर म्हणाले, "ताडपत्रीखाली वालतो ताई, पुनव आलीय ना जवल." नारळी पौर्णिमा. इथल्या माणसांचं कॅलेंडर अजून पाण्यावरच चालतं.

३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तो याच वसईत. ज्या जागेसाठी दोन पावसाळे माणसं मेली तिथेच त्रेसष्ट वर्षांनी पेशवाईने सही करून स्वातंत्र्य देऊन टाकलं. हे मी भाच्याला गाडीत सांगितलं, किल्ल्यात नाही सांगवलं.

येताना वरसावेला दोन तास अडकलो. आत्या आणि भाचा दोघं मागे झोपलेले.

दिवस तिसरा, सोमवार: अणजूर, कल्याण

पाऊस कमी, रिमझिम. आज दोनच ठिकाणं.

काशेळीच्या पुलावरून भिवंडी रोड. हा सगळा भाग आता गोडाऊनचा, कंटेनरच्या मधून गाडी काढावी लागते, पण जरा आत वळलं की भाताची लावणी चाललेली, बायका पाठीला इरली नाहीतर प्लास्टिकचे कागद बांधून वाकलेल्या. अणजूर गाव. इथले गंगाजी नाईक अणजूरकर. साष्टीची बखर वाचलेल्यांना हे नाव माहीत असतं, बाकी फारसं कोणाला नाही. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळं बंद, धर्माचा जाच, ते बघून गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं पेशव्यांच्या मागे लागले होते की साष्टी सोडवा. खाडीच्या वाटा, ओहोटीला कुठून पायी उतरता येतं, कुठल्या गावात कोण आपलं, ही माहिती पुण्याच्या फौजेला कुठून असणार? ती इथल्या माणसांनी दिली. शाळेच्या पुस्तकात फौजेचा सेनापती असतो, वाट दाखवणारा नसतो. त्याचं नाव सांगण्यासाठीच खरं तर मी अणजूर या ट्रिपमधे घेतलं. नाईकांचा वाडा खासगी आहे म्हणून बाहेरूनच बघितला, उतरती कौलं, ओला चिरा, आणि सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं. देवळात एक आजोबा बसले होते, त्यांनी विचारलं कुठून आलात, पुणं म्हटल्यावर भाच्याला जवळ बसवून प्रसादाचा नारळ दिला अख्खा.

दुपारी कल्याण, दुर्गाडी. २४ ऑक्टोबर १६५७ ला, दिवाळीच्या दिवसात, महाराजांच्या माणसांनी, दादाजी बापूजी आणि सखो कृष्ण लोहोकरे यांनी, कल्याण-भिवंडी घेतली. परत बघा, पावसाळा संपल्या संपल्या. किल्ल्याचा पाया खणताना धन सापडलं, देवीची कृपा म्हणून दुर्गाडी, असं सांगतात. आणि खाली याच पाण्यात महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. डोंगरातल्या राजाने आपली पहिली जहाजं समुद्रापासून इतक्या आत, नदीवर का बांधली, हा प्रश्न भाच्यानेच विचारला आणि उत्तर पण त्यानेच शोधलं, कारण तीन दिवस तो बोट नकाशावर फिरवत होता. "इथून समुद्राला जायचं तर एक तर ठाण्यावरून नाहीतर वसईवरून. दोन्हीकडे पोर्तुगीज." अगदी बरोबर. आणि गंमत म्हणजे जहाजं बांधायला कारागीर पण पोर्तुगीजच घेतले होते, रुय लैतांव व्हिएगश नावाचा माणूस त्यांचा प्रमुख, पण वसईच्या कप्तानाला भीती पडली की ही जहाजं उद्या आपल्यावर येतील, त्याने निरोप पाठवून कारागिरांना परत बोलावलं आणि ते निघून गेले. तरी आरमार झालंच. २०२२ मधे नौदलाचा नवीन झेंडा आला त्यावर महाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन आहे, हे भाच्याला माहीत होतं, मला त्याने सांगितलं.

१८५४ मधे रेल्वेचे रूळ ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचले. त्यानंतर माल होडीतून न्यायची गरज राहिली नाही, आणि मला वाटतं हे सगळे किल्ले खऱ्या अर्थाने तेव्हा संपले, लढाईत नाही. रोज ज्या लोकलने आपण जातो ती कळव्याचा पूल ओलांडते तेव्हा खाली तेच पाणी असतं, आणि आपण मान मोबाईलमधे घालून असतो, मी पण.

देवीचं दर्शन घेऊन गणेश घाटावर उतरलो. भज्या घेतल्या, कागद भिजून हातात आला. नदीवर जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत खाली चालले होते, ठाण्याकडे. आत्याने घड्याळ बघितलं, मग पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली थांब जरा, भरती लागेल. वसईला चाळीस वर्षं राहिलेली बाई, तिथी मनातल्या मनात मोजत होती. आम्ही थांबलो. वीस-पंचवीस मिनिटांनी पुंजक्यांचा वेग कमी झाला, मग ते जागच्या जागी गोल फिरायला लागले, जसं खालून कोणी हात धरलाय. भाचा कठड्याला रेलून बघत होता. "आत्याआजी, हे वसईचं पाणी आलं का?"

"वसईचं पण आणि ठाण्याचं पण," आत्या म्हणाली. उरलेली सुकेळी पिशवीतून काढली आणि एक त्याला दिली, एक मला.